कॅमेरा नवा की जुना? ‘बनी तो बनी’वर सोडू नका

तुळशीची लग्नं लागली की परभणी जिल्ह्यात माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, आणि गावोगावच्या फोटोग्राफरपुढे नेहमीचा प्रश्न येतो: यंदा नवा कॅमेरा घ्यायचा, की कुणीतरी विकायला काढलेला जुनाच उचलायचा? गंगाखेड असो की जिंतूर, दुकानाच्या बाकड्यावर सल्ल्यांना तोटा नाही. पण बरेचसे ऐकीव. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण कौतुकानं मिरवतो. पन्नास-साठ हजारांचा व्यवहार मात्र तिच्या भरवशावर करू नये.

गैरसमज : नव्या मॉडेलमध्ये जुन्यातलं सगळं असतंच, वर आणखी काही मिळतं.

वस्तुस्थिती : निकॉनचे दोन कॅमेरे शेजारी ठेवून बघा. डी७२०० आला २०१५ मध्ये, डी७५०० आला २०१७ मध्ये. नव्यात फोर-के व्हिडिओ आला, वर-खाली वळणारा स्क्रीन आला, सेकंदाला सहाऐवजी आठ फोटो निघू लागले. पण जुन्यात मेमरी कार्डाचे दोन कप्पे होते, नव्यात एकच राहिला. जुन्याला खालून बॅटरी ग्रिप जोडता यायची, नव्याला ती सोयच ठेवली नाही.

कार्डाचा कप्पा ही बारीक गोष्ट वाटते. पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण एकदाच येतो. दोन कार्डं असली की तोच फोटो दोन्हींवर उतरतो, आणि एक कार्ड बिघडलं तरी वधूपित्यापुढे मान खाली घालावी लागत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्यासाठी इथे जुना कॅमेरा सरस. ज्याला मुख्यतः व्हिडिओ करायचा आहे, त्याच्यासाठी नवा.

गैरसमज : मेगापिक्सेल जास्त, तेवढा फोटो चांगला.

वस्तुस्थिती : याच जोडीत डी७२०० आहे २४.२ मेगापिक्सेलचा आणि नंतर आलेला डी७५०० आहे २०.९ चा. आकडा उतरला म्हणून फोटो बिघडला का? हिशोब करून पाहा. अल्बमचं पान बारा बाय अठरा इंचाचं धरू. डी७५०० च्या फोटोची लांब बाजू ५,५६८ पिक्सेलची. अठरा इंचांत ती पसरली तरी इंचाला ३०० पेक्षा जास्त ठिपके मिळतात, आणि चांगल्या छपाईला तेवढे भरपूर झाले. डी७२०० ची बाजू ६,००० पिक्सेलची, म्हणजे फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. तो अल्बम पाहणाऱ्या आत्याबाईंना दिसणार नाही. फोर-के टीव्हीवर फोटो दाखवला, तर त्या पडद्याचेच ठिपके साधारण ८३ लाख, म्हणजे ८.३ मेगापिक्सेल.

गैरसमज : सेन्सर नवा असेल तर फोटो उजवाच येणार.

वस्तुस्थिती : सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव ज्यांनी टिपायचा प्रयत्न केला आहे, त्यांना ही अडचण माहीत आहे. पायऱ्या गोल वळसा घेत पाण्याकडे उतरतात. दुपारी काठावरचा दगड उन्हानं पांढराफटक, तळाशी काळोख. दोन्ही एका फोटोत हवं असेल तर काठ सांभाळून फोटो घ्यायचा आणि सावल्या नंतर संगणकावर उजळायच्या. सेन्सरची खरी परीक्षा इथे होते. कॅननचा ६डी आला २०१२ मध्ये, त्याचा मार्क टू आला २०१७ मध्ये. पाच वर्षांत स्क्रीन आणि फोकस सुधारला. पण कमी आयएसओवर सावल्या उजळण्याच्या कुवतीत मार्क टू चाचण्यांमध्ये जुन्याच्या पुढे गेला नाही, उलट किंचित मागेच राहिला.

गैरसमज : अंधुक उजेडात फोटो खराब येतात, म्हणजे कॅमेरा बदलायला हवा.

वस्तुस्थिती : आधी लेन्स बघा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स पूर्ण झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ पर्यंतच उघडतं. ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स लावली, की त्याच कॅमेऱ्यात नऊ पटींहून जास्त उजेड शिरतो. हळदीच्या रात्री अंगणात एकच बल्ब असतो, तेव्हा हा फरक कॅमेऱ्याची दोन-तीन मॉडेलं पुढे जाण्यापेक्षा मोठा ठरतो.

गैरसमज : डीएसएलआर आता बाद झाला.

वस्तुस्थिती : कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे खरं. पुढच्या लेन्स मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीच येणार, हेही दिसतंच आहे. मिररलेसचं खरं बळ फोकसमध्ये आहे. वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाचा डोळा तो सोडत नाही, येलदरीच्या जलाशयावर उडणारा पक्षीही धरून ठेवतो. पण बॅटरी लवकर संपते. डी७२०० प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये १,११० फोटो काढतो. साधारण किमतीचे मिररलेस तीन-चारशेच्या आसपास थांबतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्त निघतात, तरी वीज गेलेल्या गावात जादा बॅटऱ्या लागतातच. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर स्टेजवरच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे उमटू शकतात.

नव्या कॅमेऱ्याचा आणखी एक खर्च कुणी मोजत नाही. अल्बम डिझाइन करणाऱ्याकडे जुनं लाइटरूम ६ असेल, तर त्याचं शेवटचं अद्ययावतीकरण २०१७ चं. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल ते थेट उघडत नाही. आधी त्या डीएनजीमध्ये बदलाव्या लागतात.

गैरसमज : सेकंडहँड कॅमेरा म्हणजे जुगार.

वस्तुस्थिती : तपासून घेतला तर नाही. डी७२०० चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत चाचणीत उतरलेलं आहे. एका लग्नात दीड हजार फोटो धरले, तर हा आकडा शंभर लग्नांत गाठला जातो. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्ये आजवर किती फोटो निघाले याची नोंद सापडते. ती विकणाऱ्याकडून मागून घ्या. मग छिद्र एफ १६ वर नेऊन मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी चुगली करील. दोन्ही कप्प्यांत कार्ड घालून बघा, फ्लॅश बसवून उडवून बघा, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा, आणि बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या बुडावरच्या क्रमांकाशी जुळवा.

हे सारं दहा मिनिटांत होतं. विकणारा तेवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर तो कॅमेरा त्याच्याच गळ्यात राहू द्या.