वादळांच्या मागावर जाणारे हौशी निरीक्षक

वळवाचे ढग माथ्यावर येऊ लागले की गुराखी गुरे वळवितो, अंगणातील वाळवणे आत येतात, खळ्यावरील धान्य झाकले जाते आणि माणसे घरात शिरून दार लावून घेतात. पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने शिकविलेले हे वर्तन सर्वथा योग्यच होय. परंतु अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी जी विस्तीर्ण मैदाने आहेत, तेथे याच्या अगदी उलट वागणाऱ्या माणसांचा एक वर्ग गेल्या सत्तर वर्षांत उदयास आला आहे. वादळ जेथे होण्याचा संभव असेल, तेथे ही माणसे मुद्दाम मोटार घेऊन जातात, योग्य अंतरावर उभी राहतात आणि ते पाहतात, टिपून ठेवतात, त्याची छायाचित्रे घेतात. यांतील बहुतेकांचा चरितार्थाचा व्यवसाय निराळाच असतो. वादळ पाहणे ही त्यांची हौस असते. ही हौस शास्त्राच्या उपयोगी कशी पडली आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे. कारण वर्गातील मुलांच्या मनातही याच कुतूहलाचे बीज असते.

प्रथम वादळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. तापलेल्या भूमीवरील उष्ण व दमट हवा हलकी होऊन वर चढते. वर जाताना ती थंड होते, तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू बनतात, आणि बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता मुक्त होते तिच्या योगाने ती हवा आणखी वर ढकलली जाते. असा वाढत गेलेला मेघ बारा ते पंधरा किलोमीटर, क्वचित त्याहूनही अधिक उंचीपर्यंत पोचतो. तेथे त्याची वाढ थांबते व त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. यालाच गर्जन्मेघ म्हणतात. त्याच्या पोटात हिमाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार विभागला जातो, आणि त्यातून वीज निर्माण होते.

साधा गर्जन्मेघ अल्पायुषी असतो. त्याचा स्वतःचाच पाऊस वर चढणाऱ्या हवेवर कोसळतो आणि उतू गेलेल्या दुधाने चूल विझावी तसा तो तासाभरात निवतो. मात्र जमिनीलगतचा वारा एका दिशेने व उंचीवरील वारा दुसऱ्या दिशेने, अधिक वेगाने वाहत असेल, तर मेघातील ऊर्ध्वप्रवाह तिरपा होतो. मग पाऊस एका बाजूस पडतो, चूल पेटती राहते आणि संपूर्ण ऊर्ध्वप्रवाह स्वतःभोवती सावकाश फिरू लागतो. असे वादळ कित्येक तास टिकते. त्यास सुपरसेल असे नाव आहे. मोठाल्या गारा आणि टॉर्नेडो, म्हणजे मेघाच्या तळापासून भूमीपर्यंत पोचणारा हवेचा प्रचंड भोवरा, ही बहुधा याच जातीच्या वादळाची अपत्ये होत. समुद्रावरून येणारे, शेकडो किलोमीटर व्याप असलेले चक्रीवादळ आणि टॉर्नेडो या अगदी भिन्न गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तके वाचताना मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो.

अमेरिकेच्या मैदानात या सर्व गोष्टी वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या आरंभी एकत्र येतात. दक्षिणेकडील मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेकडील उंच व रुक्ष प्रदेशावरून कोरडी हवा येते, आणि ही कोरडी उष्ण हवा दमट हवेवर झाकणाप्रमाणे बसते. दिवसभर झाकणाखाली उष्णता साठत जाते. तिसऱ्या प्रहरी झाकण एखाद्या ठिकाणी फुटले, की अर्ध्या-पाऊण तासात निरभ्र आकाशात पर्वतप्राय मेघ उभा राहतो. झाकण नेमके कोठे फुटेल हे ओळखणे, हेच या हौशी मंडळींचे खरे कसब.

या मंडळींच्या आद्य पुरुषांत डेव्हिड होडली यांचे नाव घेतले जाते. नॉर्थ डकोटा राज्यातील बिस्मार्क या गावावर १९५६ साली एक प्रचंड वादळ कोसळले. त्याने घडविलेली नासधूस पाहून विद्यार्थिदशेतील होडली यांच्या मनात भयाऐवजी जिज्ञासा उत्पन्न झाली. तेव्हापासून ते दर उन्हाळ्यात वादळांच्या मागावर जाऊ लागले. त्या काळी आजच्यासारखी साधने नव्हती. वाटेतील हवामान कचेरीत जावे, तारयंत्रावर आलेले निरनिराळ्या गावांचे तापमान, आर्द्रता व वाऱ्याची दिशा हे आकडे उतरून घ्यावेत, स्वतःच्या हाताने नकाशा काढावा आणि अनुमान बांधून मोटार हाकावी, अशी त्यांची पद्धत होती. पाहिलेल्या वादळांची ते पेन्सिलीने चित्रेही काढीत. पुष्कळदा अनुमान चुके आणि दिवसभराच्या प्रवासानंतर निळे आकाश पाहून परतावे लागे. १९७७ साली त्यांनी अशा सर्व हौशी लोकांसाठी ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे लहानसे वार्तापत्र सुरू केले. विखुरलेल्या व्यक्तींना एकमेकांच्या चुका व अनुभव त्यामुळे कळू लागले.

शास्त्रज्ञांनाही या मार्गाचे महत्त्व पटले होते. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे १९६४ साली राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा स्थापन झाली होती. १९७२ साली तिने निरीक्षकांच्या तुकड्या वादळांकडे धाडण्यास आरंभ केला. त्यांत विद्यापीठातील विद्यार्थीही असत. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या गावाजवळ एका टॉर्नेडोचे जन्मापासून अंतापर्यंत चित्रीकरण करण्यात त्यांना यश आले. त्याच वेळी नॉर्मन येथील डॉप्लर रडारही त्या मेघाची नोंद घेत होते. पुढे दोन्ही नोंदी घड्याळाच्या काट्यानुसार ताडून पाहिल्या, तेव्हा असे आढळले की भोवरा भूमीवर दिसण्यापूर्वीच मेघाच्या पोटात त्याची खूण रडारवर उमटली होती. १९९० च्या दशकात त्या देशभर डॉप्लर रडारांचे जाळे उभारले गेले, त्यामागे या शोधाचा मोठा आधार होता. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची अचूक वेळ लिहिलेली नसती, तर रडारवरील खुणेचा अर्थ लागला नसता, ही यातील लक्षात घेण्याजोगी बाब होय.

रडार आले म्हणजे मनुष्याच्या डोळ्याची गरज संपली, असे मात्र झाले नाही. याचे कारण भूगोलाच्या तासाला सहज सांगता येईल. पृथ्वी गोल असल्यामुळे आणि रडारचा किरण किंचित वरच्या बाजूस रोखलेला असल्यामुळे तो जसजसा दूर जातो, तसतसा भूमीपासून उंच होत जातो. शंभर किलोमीटरवर तो सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. त्याखाली, म्हणजे माणसे, घरे व शेते जेथे आहेत तेथे, काय घडत आहे हे त्याला दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने ‘स्कायवॉर्न’ ही योजना चालविली आहे. तिच्यात लक्षावधी स्वयंसेवकांना शिक्षण देण्यात आले असून त्यांत पोलीस, अग्निशामक दलाचे लोक, बिनतारी संदेशाचे हौशी चालक आणि सामान्य नागरिक आहेत. हे स्वयंसेवक वादळामागे धावत नाहीत. आपल्याच गावी सुरक्षित जागी राहून ते आकाश पाहतात आणि पाहिलेले कळवितात. प्रसिद्धी पाठलाग करणाऱ्यांना मिळते; परंतु गावोगावच्या लोकांचे प्राण वाचविण्याचे श्रेय या अप्रसिद्ध निरीक्षकांना अधिक द्यावे लागेल.

त्यांना काय शिकविले जाते? मेघाच्या तळाशी लोंबणारा प्रत्येक तुकडा म्हणजे टॉर्नेडो नव्हे. तो खरोखर फिरत आहे काय, हे काही वेळ स्थिर दृष्टीने पाहावे. स्वतः कोठे उभे आहोत आणि पाहिलेली गोष्ट तेथून कोणत्या दिशेस व किती दूर आहे, या दोन्ही गोष्टी कळवाव्यात. नवखा मनुष्य बहुधा स्वतःचेच ठिकाण सांगतो आणि इशारा भलत्याच गावाला जातो! गारांचा आकार सांगताना ठराविक मापाच्या वस्तूशी तुलना करावी. त्या देशात एक इंच, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची गार पडली, की वादळ तीव्र समजले जाते, आणि त्यासाठी तेथील एका नाण्याचे प्रमाण ठरलेले आहे. गोटीएवढी गार असे सांगू नये, कारण गोट्या लहानमोठ्या असतात. नोंद कशी करावी याचे इतके सोपे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या हौशीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. टिम समारास हे अभियंते होते; हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांचे झालेले नव्हते. टॉर्नेडोच्या मार्गात ठेवता येईल असे बसके, शंकूच्या आकाराचे उपकरण त्यांनी बनविले. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर या गावाजवळ त्या उपकरणावरून टॉर्नेडो गेला आणि वायुभार क्षणार्धात १०० मिलिबारने, म्हणजे नेहमीच्या सुमारे एक दशांशाने, उतरल्याची नोंद झाली. अशी नोंद तत्पूर्वी कोणाला मिळाली नव्हती. सावधगिरीबद्दल समारास यांची ख्याती होती. तरीही ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे ते, त्यांचे पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघेही मृत्युमुखी पडले. त्या दिवशीच्या टॉर्नेडोने अकस्मात दिशा बदलली, त्याचा वेग वाढला आणि त्याची रुंदी सुमारे ४.२ किलोमीटर झाली. पावसाच्या पडद्याआड तो धड दिसतही नव्हता. त्या परिसरातील रस्त्यांवर वादळ पाहण्यास आलेल्यांच्या मोटारींची गर्दी झाली होती. १९९६ सालच्या ‘ट्विस्टर’ या चित्रपटानंतर ही गर्दी वाढत गेली. त्यांतील कित्येकांना नोंदीशी कर्तव्य नसते, चित्तथरारक चित्र मिळाले म्हणजे पुरे असते. अशा धावपळीला निरीक्षण म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील खेड्यात टॉर्नेडोचे भय जवळजवळ नाही. विजेचे भय मात्र खरे आहे. भारतात अलीकडच्या वर्षांत विजेने मरण पावणाऱ्यांची संख्या वर्षाला अडीच हजारांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील, शेतात राबणारी माणसे असतात. म्हणून आकाशनिरीक्षणाचा पाठ द्यावयाचा तो पाठलाग करणाऱ्यांच्या रीतीने न देता, गावी राहून पाहणाऱ्यांच्या रीतीने द्यावा. मुले वर्गात, पक्क्या इमारतीत, खिडक्या, नळ व विजेच्या तारांपासून दूर बसलेली असताना प्रयोग सहज करता येतो. वीज चमकताच एका मुलाने घड्याळाकडे पाहून सेकंद मोजू लागावे व गडगडाट कानी येताच थांबावे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून सेकंदांना तीनाने भागले की वीज किती किलोमीटरवर चमकली ते निघते. पंधरा सेकंद झाले तर पाच किलोमीटर. दोन-चार वेळा मोजून आकडे फळ्यावर लिहिले, की वादळ जवळ येत आहे की दूर जात आहे, हे मुले स्वतःच सांगू लागतात. गडगडाट ऐकू येतो, याचाच अर्थ वीज पोचू शकेल इतके वादळ जवळ आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईपर्यंत मुलांना मैदानात अथवा घरी सोडू नये. घरी जाणाऱ्या वाटेवरचे झाड हा आसरा नव्हे, हे तर पुनःपुन्हा सांगावे लागेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेली ‘दामिनी’ ही सूचनाप्रणाली भ्रमणध्वनीवर घेता येते. शिक्षकाने ती अवश्य घ्यावी.

याच निमित्ताने पायाळू मुलाची गोष्ट निघते. पायाकडून जन्मलेल्या मुलावर वीज पडते, अशी समजूत अनेक गावांत अद्याप आहे. तिच्यामुळे असे एखादे मूल ढग आले की भेदरून जाते आणि इतर मुले त्याच्याजवळ बसेनाशी होतात. वीज उंच व एकाकी वस्तूंवर पडते, जन्माची रीत तिला ठाऊक नसते, हे वर्गापुढे स्पष्ट सांगून शिक्षकाने वादळाच्या वेळी त्या मुलाला स्वतःशेजारी बसवावे. सेकंद मोजण्याचे काम त्यालाच दिल्यास उत्तम. वीज पडलेल्या माणसास शिवू नये, ही दुसरी घातक समजूत होय. त्याच्या शरीरात विद्युतभार शिल्लक राहत नाही. श्वास व नाडी थांबली असल्यास तत्काळ छातीवर दाब देऊन व कृत्रिम श्वास देऊन त्याला वाचविता येण्याचा संभव असतो; शेणात पुरून ठेवण्यात तोच अमूल्य वेळ वाया जातो.

नोंदीसाठी एक साधी वही पुरे. तारीख, पहिला गडगडाट ऐकल्याची वेळ, ढग आले ती दिशा, मोजलेले सेकंद, पावसाचा आरंभ व शेवट, आणि गारा पडल्या असल्यास वादळ सरल्यावर एक गार दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून केलेली तुलना. हे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते. वही शाळेच्या दप्तरात ठेवावी आणि बदली होऊन जाताना नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी.