मोटारहोमच्या मागे कोणती गाडी जोडावी?

अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबांना मोटारहोमचा प्रवास सोयीचा वाटतो. स्वयंपाकघर सोबत असते, हलाल जेवणाची चिंता नसते, वडीलधाऱ्यांना वाटेत आडवे होता येते. पण मुक्कामी पोहोचल्यावर किराणा किंवा औषध आणायला एवढे अवजड घर कोण हलवणार? म्हणून मागे एक लहान मोटार जोडतात आणि तिची चारही चाके रस्त्यावर ठेवून तिला ओढत नेतात.

मात्र प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. ओढताना इंजिन बंद आणि चाके फिरती. मग आतले भाग तेलावाचून घासतात, तापतात आणि गिअरबॉक्स निकामी होतो. त्याची दुरुस्ती हजारो डॉलरची. जीप रँगलरमध्ये ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो, म्हणून ही गाडी या कामासाठी लोकप्रिय आहे. मॅन्युअल गिअरच्या अनेक गाड्याही चालतात, सगळ्या नव्हेत. टेस्ला तर चाके जमिनीवर ठेवून ओढूच नये.

नावावर विसंबू नका. होंडा सीआर-व्ही 2014 च्या मॉडेलपर्यंत ओढता येत असे. 2015 मध्ये तिचा गिअरबॉक्स बदलला आणि ती सोय गेली. म्हणून जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नका. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतले ओढण्याविषयीचे पान स्वतः वाचा.

मग वजन पाहा. मोटारहोमचा हुक 5000 पौंड, म्हणजे सुमारे 2270 किलो ओढणारा असेल, तर गाडी सामानासह त्याच्या आत हवी. माणसे, सामान आणि टाकीतले पाणी धरून दोन्ही वाहनांचे एकूण वजनही कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसले पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नये.

टो बार, सुरक्षा साखळ्या आणि मागचे दिवे यांच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या गाडीसाठी वेगळी ब्रेकव्यवस्थाही घ्यावी. अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढे ती कायद्यानेच लागते. आणि गाडी जोडलेली असताना मोटारहोम मागे घेऊ नये. पुढची चाके वळून टो बार वाकतो.

या खर्चात काटकसर करू नये, असे आम्हाला वाटते. उतारावर ब्रेक कमी पडला, तर धोका आपल्या घरच्यांना आहे आणि पुढच्या गाडीतल्या अनोळखी कुटुंबालाही.