कुलूप कोणाला ओळखते?

आजचा विषय बघून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात टॅबलेटचा पासकोड कुठून आला? पण आमच्या वयाच्या मंडळींमध्ये, जळगावात काय आणि धुळ्यात काय, "आत्मा आहे का?" हा प्रश्न हल्ली फारसा कोणी विचारत नाही. "सर, टॅबचा नंबर विसरलो, आता काय करू?" हा मात्र हमखास विचारतात. आणि बारकाईने पाहिलं तर हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार लांबचे नाहीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, धुळ्याच्या देवपूर भागात एक निवृत्त शिक्षिका आहेत. मुलाने घेऊन दिलेला टॅबलेट आहे. त्यात यजमानांच्या आवाजातली भजने आहेत, त्यांच्या शेवटच्या वर्षात रेकॉर्ड केलेली. यजमान आता नाहीत. टॅबलेट रोज बोट टेकवून उघडायचा. एक दिवस बॅटरी पूर्ण उतरली, चार्ज करून सुरू केला, तर तो बोट घेईना. नंबर मागतो. आणि नंबर आठवत नाही. बाई म्हणतात, "अरे, मीच आहे ना!"

बरोबर आहे, त्याच आहेत. मग टॅबलेटला ते का कळत नाही?

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, एक प्रश्न घेतला. कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशावरून? त्याचे उत्तर थोडक्यात असे, की कालचे मला आतून आठवते, म्हणून मी तोच. टॅबलेट हा लॉकचा फार कडक शिष्य आहे. आठवण आहे तर तुम्ही मालक, आठवण गेली तर तुम्ही परके. चेहरा, वय, पावती, डोळ्यातले पाणी, यातले काहीही त्याच्या हिशेबात नाही.

यात यंत्राचा दुष्टपणा नाही, बरं का. आपल्याला वाटते, नंबर म्हणजे दारावरच्या रखवालदाराचा प्रश्न. उत्तर चुकले तरी ओळखीने आत सोडता येईल. तसे नाही. आजच्या टॅबलेटमधला मजकूर सांकेतिक रूपात बदलून ठेवलेला असतो. तो परत वाचता येण्यासाठी जी किल्ली लागते, ती तुमचा नंबर आणि आतल्या चिपमधले एक गुपित, या दोन्हींतून तयार होते. म्हणजे नंबर हा किल्लीचाच एक भाग आहे. बोटाचा ठसा त्यानंतर येतो. बंद करून सुरू केल्यावर एकदा नंबर घातला, की मगच बोट चालते. रोज बोट वापरल्यामुळे नंबरची सवय मोडते आणि नेमक्या अडचणीच्या दिवशी तोच मागितला जातो.

म्हणून पहिली सूचना. नंबर आठवत नाही पण बोटाने अजून उघडतो आहे, अशी स्थिती असेल तर टॅबलेट बंद करू नका, बॅटरी उतरू देऊ नका. आतल्या मोलाच्या गोष्टींची प्रत आधी दुसरीकडे काढून घ्या.

आता बाईंकडे परत येऊ. त्यांना चार आकडे आठवतात, क्रम आठवत नाही. इथे आपल्या खान्देशातलीच एक जुनी विद्या कामाला येते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ती नोंद. त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. वस्तूंचे क्रम किती प्रकारांनी लागतात, याचे गणित त्यात आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारांनी धरता येतील? उत्तर २४. चार वेगळे आकडे असतील तर पासकोडचेही क्रम २४. एक आकडा दोनदा असेल, म्हणजे १९५५ सारखे साल, तर १२. सहा वेगळे आकडे असतील तर ७२०.

पण टॅबलेट २४ वेळा ऐकून घेत नाही. काही प्रयत्न चुकले की तो एक मिनिट थांबवतो, मग पाच, मग पंधरा, मग तासन् तास. आयपॅडमध्ये दहा चुकांनंतर सगळे पुसण्याची सोय असते आणि ती कोणी चालू करून ठेवलेली असेल, तर दहाव्या चुकीला सगळेच गेले. तेव्हा आधी कागद घ्या. कागदावर कितीही चुकले तरी खर्च नाही. कोणत्या साली ठेवला, कोणाचा वाढदिवस, जुन्या फोनचा नंबर कोणता होता, हे सगळे लिहा. मग त्यातले तीन-चार सर्वांत संभवनीय तेवढेच वापरून बघा. घाईघाईत नातवाने वीस प्रयत्न करणे, हा सर्वांत वाईट मार्ग.

हे थांबवणे कशासाठी? चार आकडी नंबर एकूण दहा हजार. ॲपलच्या यंत्रात एक नंबर तपासायला सेकंदाचा बारावा भाग लागतो. थांबा नसता तर सगळे नंबर तेरा-चौदा मिनिटांत संपले असते. म्हणजे कुलपाची ताकद नंबरात थोडी आणि थांब्यात जास्त. २०१६ साली अमेरिकेच्या एफबीआयला सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडायचा होता. त्यांनी ॲपलकडे नंबर मागितला नाही, कारण तो कंपनीकडे नव्हताच. हे थांबे आणि दहाची मर्यादा काढून द्या, अशी मागणी होती. कंपनीने नकार दिला आणि शेवटी एफबीआयने तिसऱ्याच कोणाकडून तो उघडून घेतला. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात "आतल्या सगळ्या मालासकट उघडून देतो" असे कोणी सहज म्हणाले, तर जरा थांबा आणि कसे ते विचारा. आपला पासवर्ड आणि ओटीपी तर कोणालाच देऊ नका.

मग मार्ग कोणता? इथे लॉकच्या विरोधकाकडे जावे लागते. टॉमस रीड याने १७८५ साली एका सेनापतीचे उदाहरण दिले. म्हातारपणी सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, पराक्रमाच्या दिवशी लहानपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापती झाल्यावर तो मार आठवत नाही. मग मार खाल्लेला मुलगा आणि हा सेनापती वेगळे का? नाही. विसरल्याने माणूस बदलत नाही. आपले नैयायिकही स्मृतीला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत. 'तोच हा देवदत्त' ही ओळख पटायला आठवणीच्या जोडीला समोरचा पुरावा लागतो.

टॅबलेट परत मिळवण्याचे सगळे अधिकृत मार्ग असे पुराव्याचे आहेत. नंबर अलीकडेच बदलला असेल, तर नव्या आयपॅडवर ७२ तासांपर्यंत जुन्या नंबराने आत जाता येते. सॅमसंगच्या काही टॅबलेटवर दुरून उघडण्याची सोय असते, पण ती आधी चालू केलेली हवी. हे दोन्ही नसेल, तर टॅबलेट पुसून नव्याने सुरू करावा लागतो. आयपॅडवर चुकांनंतर पडद्यावरच तसा पर्याय येतो. तो आला नाही तर संगणकाला जोडून करता येते. अँड्रॉइडवर गुगलच्या हरवलेले यंत्र शोधण्याच्या सेवेतून किंवा बटणे दाबून. मेमरी कार्ड असेल तर ते आधी बाहेर काढा. त्यातल्या फायली बहुधा दुसऱ्या यंत्रात वाचता येतात.

पुसल्यावरही यंत्र विचारते, आधीचे खाते कोणाचे? ॲपलने ही अट २०१३ पासून घातली, अँड्रॉइडवर ती २०१५ पासून आली. चोराला टॅबलेट निरुपयोगी व्हावा म्हणून. त्या खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर घाबरू नका, खाते परत मिळू शकते. पण प्रयत्न नेहमीच्या घरातून, नेहमीच्या फोनवरून करा, कारण तीही साक्षच धरली जाते. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू हवा. आयपॅड असेल तर खरेदीची मूळ पावती दाखवून ॲपलकडे अर्ज करता येतो. आणि टॅबलेट संस्थेने दिलेला असेल, उदाहरणार्थ महाज्योतीकडून विद्यार्थ्यांना मिळतात तसा, तर पुसण्याआधी त्या संस्थेला विचारा.

आता खरा प्रश्न. यंत्र परत मिळाले, ओळखही पटली, पण भजने? ती परत मिळतील की नाही, हे नंबर विसरण्याच्या आधीच ठरलेले असते. दुसरीकडे प्रत असेल तर आहेत, नसेल तर गेली. फोटो खात्यात आपोआप जात असले तरी आवाजाच्या फायली त्यांच्याबरोबर जातीलच असे नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून बाईंनी पुसण्याचे बटण दाबण्याआधी खात्यात दुसऱ्या यंत्रावरून शिरून बघावे, ती भजने कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवली होती का ते नातेवाइकांना विचारावे. प्रत नसेल आणि मन तयार नसेल, तर पुसू नये. टॅबलेट कपाटात ठेवावा. नंबर महिन्याने आठवू शकतो. पुसलेले मात्र परत येत नाही.

जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गात आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसे ते उतरवून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले. फक्त त्यांच्याच स्मरणात राहिले असते तर सगळे त्यांच्याबरोबर गेले असते.

तर आज घरी गेल्यावर तीन कामे करा. नंबर वहीत लिहून वही कुलपात ठेवा आणि ती कुठे आहे ते घरातल्या एकाला सांगा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजचाच आहे ना, ते तपासा. आणि ज्या आवाजाशिवाय, ज्या फोटोशिवाय चालणार नाही, त्याची एक प्रत टॅबलेटच्या बाहेर ठेवा. आठवड्यातून एकदा बोटाऐवजी नंबर घालून उघडलात, तर तोही हातात राहील.

इथे थांबतो. कोणाचा टॅबलेट बरोबर असेल तर पुढे या, पण प्रयत्न किती झाले ते आधी सांगा.