माळ आणि मेडल

मुळशी खोऱ्यात ‘त्यांनी माळ घातली’ एवढे म्हटले की पुरते. गळ्यात तुळशीची माळ आली म्हणजे मद्य आणि मांस सुटले, हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे व्यसनमुक्तीच्या उपचारानंतर किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या, सभेतून मुलगा एखादे मेडल घेऊन घरी आला, तर आपल्यासारखे ज्येष्ठ त्याकडे माळेच्याच नजरेने पाहतात. ते स्वाभाविक आहे. मात्र या दोन वस्तूंतला फरक ध्यानात न आल्यास पुढे घराला त्रास होतो.

माळ ही आयुष्यभराची प्रतिज्ञा असते. मेडल ही दिवसांची मोजणी असते. चोवीस तास, एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, अशा टप्प्यांवर ते दिले जाते. ‘एए’ची सुरुवात अमेरिकेतील ॲक्रन शहरात १९३५ साली झाली. त्याच शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया मद्यपी रुग्णांची सेवा करीत. घरी निघालेल्या रुग्णाच्या हाती त्या एक लहानसे धार्मिक पदक ठेवीत आणि एकच अट घालीत: पुन्हा पिण्याची वेळ आली, तर पहिला घोट घेण्यापूर्वी हे पदक मला परत आणून द्यायचे. या अटीतले मर्म विचार करण्याजोगे आहे. पदक परत करायचे म्हणजे कोणाच्या तरी समोर जाऊन उभे राहायचे, आणि तेवढ्यात ओढीची ती घटका टळण्याची शक्यता असते.

आपल्याकडे या क्षेत्रात प्रथम आठवते ते पुण्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ते सुरू केले. व्यसन सुटल्याच्या दिवसाला तेथे वाढदिवसाचा मान आहे. पन्नाशीतला गृहस्थ ‘मी तीन वर्षांचा झालो’ असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आधी हसू येते आणि मग डोळे भरून येतात.

आता घरातल्या व्यवहाराविषयी. मेडल ज्याचे त्याच्याजवळ राहू द्यावे. खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यात, उशाखाली, त्याला हवे तेथे. आपण ते दिवाणखान्याच्या कपाटात मांडू नये आणि त्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर त्याला न विचारता टाकू नये. ‘एए’च्या नावातच अनामिकता आहे. आपल्याला अभिमान वाटतो हे खरे, पण चारचौघांत केलेल्या कौतुकाचे ओझे त्याच्या खांद्यावर येते.

दुसरी गोष्ट जरा कटू आहे. मेडल हा व्यवहाराचा दाखला समजू नये. पौड, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात जमिनीचे भाव कुठून कुठे गेले हे आपण पाहिलेच आहे. सहा महिन्यांचे मेडल दाखवून कोणी सातबारावरचा हिस्सा किंवा कोऱ्या कागदावर सही मागत असेल, तर प्रेमाने पण ठाम नकार द्यावा. तो खरोखर बरा होत असेल, तर वर्षभर थांबण्याने त्याचे काही बिघडणार नाही.

कधी मुलगा आपले पहिल्या महिन्याचे मेडल सभेत नव्याने आलेल्या माणसाला देऊन टाकतो. आईच्या मनाला ते लागते. केवढ्या यातनांनी मिळवलेली वस्तू, ती परक्याला? परंतु अशी देवघेव या मंडळींत रूढ आहे. आपण ज्या दिवसांतून गेलो त्यांची खूण, आज त्याच दिवसांत चाचपडणाऱ्याच्या हाती द्यायची. आईने येथे अडवू नये.

आणि घसरण झाली तर? व्यसनाच्या आजारात ती पुष्कळांच्या वाट्याला येते. अशा वेळी मेडल हिसकावून घेणे, देवासमोर आपटणे, ‘माळ बाटवलीस’ म्हणणे, हे सारे रागाच्या भरात घडते आणि माणूस शरमेने घराबाहेर, बहुधा पुन्हा गुत्त्याकडेच जातो. मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होईल, हे तोही जाणतो. परंतु आधीचे दोनशे दिवस तो न पिता जगला, ते कोणी पुसू शकत नाही. जुने मेडल खुशाल जपून ठेवावे.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ दिवस रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, असे जिवावरचे प्रकार घडू शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क आहे, आणि तो क्रमांक कुटुंबीयांनीही फिरवावा. मद्यपींच्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही चळवळ १९५१ सालापासून आहे. रात्री दाराच्या कडीकडे कान लावून जागणाऱ्या आईवडिलांना तिच्या सभेत आपल्यासारखीच जागणारी माणसे भेटतात.