आंबेहळदीतला आंबा जातो कुठे?

शेवगावच्या पारावर गप्पा चालतात त्या कापसाच्या आणि उसाच्या; हळदीचं नाव निघत नाही. तरी पोरगं सायकलवरून आपटलं की आजीला आधी आंबेहळद आठवते. काष्ठौषधींच्या दुकानातला सुपारीएवढा तुकडा, सहाणेवर पाण्याचे चार थेंब, दहा-वीस वेढे, आणि कोमट लेप मुक्या मारावर. तो तुकडा एकदा नीट हुंगून पाहा. हळकुंडासारखा, थोडा कापराकडे झुकणारा वास येईल. आंबा जवळपास नाहीच. मग नावात कशाला?

नाव ओल्या गड्ड्यावरून पडलं आहे. दिसायला आल्यासारखा, नखानं साल खरवडली की थेट कैरी! हा योगायोग नाही. मिर्सिन, ओसिमिन ही कैरीच्या वासातली द्रव्यं या गड्ड्याच्या तेलातही असतात. दहा कार्बनांची ही हलकी मंडळी. सुरी लागताच उडू लागतात आणि वाळवणाच्या उन्हात बरीचशी निघून जातात.

घरच्या हळदीचं तसं नाही. तिच्या तेलाचा मोठा वाटा टर्मेरोन गटाच्या, पंधरा कार्बनांच्या जड संयुगांचा. सांगलीच्या पेठेत पोचेपर्यंत हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. तरी हळकुंडात साधारण 3 ते 5 टक्के तेल उरतं. मसाल्याच्या डब्यात वास टिकतो तो यामुळे.

पानांचं तेल आणखी निराळं. त्यात फेलँड्रीन असतं, निलगिरीत सापडणारं सिनिओलही असतं. कोकणात पातोळ्या उकडताना घरभर दरवळतं ते हेच. प्रयोगशाळेत तरी वेगळं काय करतात? कंद किसून पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची, पाण्यावर तरंगणारं तेल मोजायचं. मोदकपात्राच्या झाकणाला आतून लागलेले थेंब म्हणजे तोच प्रयोग, फक्त कुणी मोजत नाही.

हळदीला पिवळा रंग देणारं कुरक्युमिन मात्र वाफेवर स्वार होत नाही. त्यामुळे वाफेवर काढलेल्या हळदीच्या तेलात ते शोधू नये. बाटलीवर पिवळंधमक हळकुंड छापलेलं असलं तरी.

आणि थंडीत बाजारात ओली आंबेहळद दिसली, तर वाळवत बसू नका. बारीक चिरा, मीठ लावा, लिंबू पिळा आणि लोणचं घाला. सहाणेसाठी दुकानातला तुकडा आहेच.