पट्टी कोणती, ते तरी सांगा!

‘शॅडोज इन द रेन’ हे गाणं स्टिंगने दोनदा रेकॉर्ड केलं. आधी 1980 मध्ये ‘द पोलिस’ या आपल्या बँडबरोबर, ‘झेन्याटा मोन्डाटा’ अल्बमसाठी. तिथे ते संथ, रेगेच्या अंगाने जाणारं आणि प्रतिध्वनींत बुडालेलं आहे. चाल जणू अर्धवट झोपेत.

मग 1985 मध्ये त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला, ‘द ड्रीम ऑफ द ब्लू टर्टल्स’. साथीला तरुण जॅझवाले: सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस, कीबोर्डवर केनी कर्कलँड, ड्रम्सवर ओमर हकीम. बास होता डॅरिल जोन्सकडे, कारण मूळचा बासिस्ट असलेल्या स्टिंगने स्वतः गिटार धरली होती!

या वेळी गाणं सुसाट सुटतं. पण खरी गंमत पहिल्या काही सेकंदांत आहे. ड्रम्स सुरू होतात आणि गडबडलेला मार्सालिस ओरडून विचारतो, पट्टी कोणती? उत्तर काही मिळत नाही, गाडी मात्र निघालेली असते. ही तारांबळ कापून टाकली नाही, हे फार छान झालं.

पुढच्याच वर्षी पोलिसने ‘डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी’सुद्धा नव्याने रेकॉर्ड केलं. ते मात्र मूळ गाण्यापुढे फिकंच वाटतं.