सर्व्हर कुठेही असो, जबाबदारी आपलीच

वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत लहान कारखान्यांचा टॅलीचा सर्व्हर बऱ्याचदा अकाउंट्सच्या टेबलाखाली असतो. तो तिथेच ठेवावा की सगळा कारभार बाहेरच्या कंपनीकडे सोपवावा, हा विषय निघाला की काही समजुती हमखास आड येतात.

गैरसमज: डोळ्यांसमोर आहे म्हणजे सुरक्षित आहे.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांमधल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. ती काही भागांत काही तासांनीच परतली. टेबलाखालचा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, दिवस काढून देत नाही. वीज निदान परत येते. 23 मे 2024 ला डोंबिवलीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा लगतच्या कारखान्यांचंही नुकसान झालं. बॅकअपची हार्ड डिस्क कायम सर्व्हरलाच जोडून ठेवली असेल, तर आग, पाणी किंवा रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) दोन्ही प्रती एकदमच गिळतं. स्वतःचा सर्व्हर जरूर ठेवा. पण एक प्रत त्या इमारतीबाहेर हवी, आणि ती सर्व्हरला जोडलेली नको.

गैरसमज: बाहेर दिलं की डोकेदुखी गेली.

हा मला जास्त घातक वाटतो. लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर जुलै 2024 मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला. 31 जुलैला देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. पण पैसे अडकलेला खातेदार जाब विचारणार तो आपल्या बँकेलाच. आयटी सेवा बाहेर दिल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या निर्देशांत स्पष्ट आहे. मोठ्या डेटा सेंटरलाही आग लागते. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची एक इमारत जळाली आणि ज्यांनी वेगळा बॅकअप घेतला नव्हता अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला.

गैरसमज: क्लाउड स्वस्तच पडतो.

काम कमीजास्त होत असेल तर पडतो. चोवीस तास एकसारख्या चालणाऱ्या मशीनचं भाडं मात्र वर्षानुवर्षं भरताना खरेदीच्या किमतीपुढे जाऊ शकतं. उलट स्वतःच्या सर्व्हरचा हिशेब मांडताना यूपीएसच्या बॅटऱ्या, एसी आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार धरायचा राहून जातो. तो माणूस गणपतीला गावी गेला तर कोण बघणार, हेही आधीच ठरवायला हवं.

बाहेर द्यायचं ठरलं तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: रात्री दोनला फोन कोण उचलणार, किती तासांत काम सुरू करून देणार, आणि करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार. सही करण्याआधी त्यांच्याकडून एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून घ्या आणि त्यात कालचं शेवटचं बिल दिसतं का ते स्वतः पाहा.